कॅलिपरची पिन जाम झाली असेल तर: ओळखण्यापासून पुन्हा बसवण्यापर्यंत

पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड काढले आणि आतला पॅड पत्र्याला टेकलेला, बाहेरचा मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक, अशी जोडी हातात आली तर नवे पॅड बसवून मोकळे होऊ नका. अशी झीज दिसली म्हणजे कॅलिपरचं, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागाचं, सरकणं बंद पडलं आहे, असं आधी समजावं. नवे पॅडही तसेच एकतर्फी झिजतील, डिस्कवर चरे पडतील आणि ओल्या घाटात ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढेल. दोष बहुतेक वेळा बोटाएवढ्या दोन पिनांमध्ये असतो. त्या सोडवणं, साफ करणं आणि पुन्हा बसवणं घरच्या अंगणात साध्या हत्यारांनी जमतं. त्यासाठी निवांत अर्धा दिवस मात्र हाताशी हवा.

उदाहरणासाठी मी आपल्याकडची नेहमीची छोटी गाडी धरली आहे: वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन, टियागो यांच्यासारखी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली. परिसर कोकणातला धरला आहे. चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा आणि जांभ्याची लाल माती एकत्र आली की पिना लवकर धरतात. त्यातही गणपतीला आणि शिमग्याला तेवढी फिरणारी, एरवी अंगणात उभी असलेली गाडी असेल तर जास्तच. पिन हलती राहिली तर ग्रीस तिच्या अंगावर पसरत राहतं. ती महिनोन्महिने एकाच जागी बसली की ओल तिथेच काम करते.

पिन करते काय

या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, म्हणजे आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकवतो. पॅड डिस्कला टेकला की तोच दाब उलट दिशेने कॅलिपरच्या सगळ्या अंगाला मागे ढकलतो. कॅलिपर दोन पिनांवर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कच्या दुसऱ्या बाजूला आणून दाबतो. हे सरकणं फार थोडं असतं, पण सगळा ब्रेक त्याच्यावर चालतो.

पिना चिकटल्या की आतला पॅड एकटाच काम करतो आणि झिजतो. कधी उलटंही होतं: दाबाच्या जोरावर कॅलिपर सरकतो, पण पाय उचलल्यावर परत येत नाही. मग बाहेरचा पॅड डिस्कला घासत राहतो आणि तोच आधी संपतो. दोनपैकी एकच पिन अडकली तर कॅलिपर तिरका सरकतो. लाकडी टेबलाचा खण एका बाजूने ओढल्यावर जसा वाकडा होऊन अडकतो, तसंच. अशा वेळी पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा उतरता झिजतो. म्हणून जुने पॅड लगेच भंगारात टाकू नका. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की अर्धं निदान तिथेच होतं.

दोष पिनेचाच आहे ना?

गाडी चालवताना दिसणारी लक्षणं अशी: ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते, एका चाकापाशी जळका वास येतो, सपाट रस्त्यावर गिअर काढल्यावर गाडी पूर्वीसारखी घरंगळत नाही, ऍव्हरेज घटतं. मोठ्या फेरीनंतर एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागते. पण हीच लक्षणं आणखी दोन कारणांनीही दिसतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण पिन. पॅड डिस्कवरून मोकळे केल्यावर कॅलिपर हाताने आत-बाहेर सरकत नसेल, तर पिन जाम आहे.

दुसरं कारण पिस्टन. कॅलिपर हाताने छान सरकतो, पण सी-क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायचा सी-आकाराचा शिकंजा, लावूनही पिस्टन आत जात नाही, किंवा पिस्टनभोवतीचं रबर फाटून आत गंज दिसतो, तर दोष पिस्टनचा आहे. हे काम नवशिक्याने अंगणात करू नये. कॅलिपर उघडून सील बदलावं लागतं किंवा कॅलिपरच बदलावा लागतो.

तिसरं कारण ब्रेकचा रबरी पाइप. तो बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून किंवा सुटून दाब अडवून धरतो. पाय उचलल्यावरही चाक धरलेलं राहिलं आणि कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करताच थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब पाइपात अडकत होता असं धरायला जागा आहे. निपल लगेच पुन्हा आवळा, आणि पुढचं गॅरेजवर सोपवा.

हाताशी काय ठेवायचं

जॅक आणि एक चांगलं जॅक स्टँड, म्हणजे घोडी. चाकाखाली लावायला दगड किंवा लाकडी ठोकळे. सॉकेट सेट, पिनेचे बोल्ट सहसा १२ ते १४ मिमीचे आणि ब्रॅकेटचे, म्हणजे पिना ज्याच्या भोकांत बसतात त्या गाडीला पक्क्या केलेल्या लोखंडी चौकटीचे, बहुतेक १७ मिमीचे असतात. पिनेचं डोकं धरायला एक पातळ उघडा पाना. सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, लॉकिंग पक्कड, हातोडी, जाड तारेचा तुकडा. गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. मास्क, चष्मा आणि हातमोजे. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना, मिळाला तर फार चांगलं. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणा.

पिनेच्या रबरी बुटांचं, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून पिनेवर असलेल्या टोप्यांचं, किट मात्र गाडी उघडण्याआधीच आणून ठेवा. बहुतेक मॉडेलसाठी बूट आणि पिन यांचं किट वेगळं मिळतं आणि डिस्कच्या मानाने ते खूप स्वस्त असतं. पिन जाम होण्याचं मूळ कारण जवळजवळ नेहमी फाटलेल्या, कडक झालेल्या किंवा नीट न बसलेल्या बुटात असतं. पिन कितीही लखलखीत केली तरी जुना चिरलेला बूट परत चढवला, तर पुढच्या पावसाळ्यानंतर हेच काम पुन्हा करावं लागेल. एवढी एक गोष्ट या लेखातून लक्षात ठेवली तरी माझ्या मते बरंच साधलं.

गाडी उचलणं

जागा सपाट आणि कडक हवी. शेणाने सारवलेलं खळं किंवा भिजलेली माती चालणार नाही, जॅक रुततो. फरशी नसेल तर जॅकखाली जाड फळी टाका. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावून गाडी उचला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोडी लावा आणि वजन घोडीवर आलं की चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या उंबरपट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी त्या चाकावर बसेल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकला जोर लावून हिसके देऊ नका. या कामात जोर लावावा लागतोच.

स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की कॅलिपरची मागची बाजू समोर येते आणि बोल्टांपर्यंत हात पोचतो.

ब्रेकवरची काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती श्वासातून जाणं वाईट, आणि फार जुन्या पॅडमध्ये ऍस्बेस्टॉसही असू शकतं. खाली जुना ट्रे ठेवून ब्रेक क्लीनरने भिजवा आणि फडक्याने पुसा.

कॅलिपर उतरवणं

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहा. पिस्टन मागे ढकलला की ऑइल टाकीत परत येतं. टाकी वरपर्यंत भरलेली असेल तर सिरिंजने थोडं काढा आणि भोवती फडकं गुंडाळा. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग उठतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता मोबाइलवर फोटो काढा. पॅड कसे बसले आहेत, क्लिपा कोणत्या बाजूला आहेत, कोणती पिन वर आणि कोणती खाली, सगळं टिपून ठेवा. दोन्ही चाकांचं काम करायचं असलं तरी एका वेळी एकच बाजू उघडा. अडलं तर दुसरी बाजू बघायला शिल्लक राहते.

पिनेचे दोन बोल्ट खोला. बोल्ट फिरवताना त्याच्या मागची पिन सोबत फिरू लागते आणि बूट पिळला जातो, म्हणून तिच्या चपट्या बाजूंवर पातळ पाना लावून ती धरून ठेवा. पॅडनी डिस्कला घट्ट धरलं असेल तर बोल्ट खोलण्याआधीच कॅलिपर आणि बाहेरचा पॅड यांच्यात सी-क्लॅम्प लावून पिस्टन हळूहळू थोडा मागे दाबा. बोल्ट निघाले की कॅलिपर उचलून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपावर लोंबकळत सोडू नका, पाइप आतून तुटतो. आणि कॅलिपर डिस्कवरून निघालेला असताना कोणीही ब्रेक पेडल दाबायचं नाही. पिस्टन बाहेर पडला तर सगळं काम वाढतं. घरात मुलं असतील तर गाडीचे दरवाजे लॉक करा.

पॅड काढा आणि दोन्ही पिना हाताने हलवून बघा. चांगली पिन अंगठ्याने दाबली की आत जाते, फिरवली की फिरते. जी हलत नाही, तिच्यावर पुढचं काम.

काही युरोपीय घडणीच्या गाड्यांमध्ये रचना वेगळी असते. पिन म्हणजेच बोल्ट, तो ऍलन कीने निघतो आणि रबरी नळीतून कोरडाच सरकतो. त्याला ग्रीस लावायचं नसतं. तुमच्या गाडीत असं असेल तर मॅन्युअल म्हणेल तेच करा.

अडकलेली पिन सोडवताना

इथे घाई नको. अडकलेली पिन सरळ बाहेर ओढायची नाही, आधी ती जागच्या जागी फिरवायची. गंजाची पकड तिच्या गोल अंगाभोवती असते. ओढल्याने ती पकड एकदम सगळीकडून सोडवावी लागते, फिरवल्याने ती थोडी थोडी सुटते.

बुटाची कड ब्रॅकेटवरून सोडवून मागे घ्या किंवा बूट कापून टाका, नवा आहेच. पिनेच्या आणि भोकाच्या सांध्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि थांबा. दहा मिनिटं नव्हे. चहा, जेवण उरकून या, मध्ये एकदोनदा पुन्हा मारा. ब्रॅकेटवर बाहेरून हातोडीने हलके ठोके दिले की स्प्रे आत झिरपायला मदत होते. ठोके ब्रॅकेटच्या अंगावर द्यायचे, पिनेच्या तोंडावर नाहीत. तोंडावर मारलं की ती आणखी आत जाते आणि तिचं डोकं चेपतं.

मग पिनेच्या चपट्या बाजूंवर पाना लावून थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. पहिल्यांदा अगदी केसभर हलेल. तेवढं पुरे. पुन्हा स्प्रे, पुन्हा हलवा. पूर्ण गोल फिरू लागली की फिरवता फिरवता बाहेर ओढा.

एवढ्यानेही हलली नाही तर ब्रॅकेटच गाडीवरून उतरवा. त्याचे दोन मोठे बोल्ट खूप घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागेल. उतरवलेलं ब्रॅकेट बाकड्यावरच्या व्हाइसमध्ये धरलं की जोर सरळ लावता येतो आणि गाडी हलण्याची भीती राहत नाही. कॅलिपरचा बोल्ट पिनेच्या आट्यांत पूर्ण आवळा, त्याचं डोकं लॉकिंग पक्कडीने पकडा आणि पक्कडीच्या मागच्या बाजूवर हातोडीने बाहेरच्या दिशेला ठोका, ठोकता ठोकता फिरवत राहा. दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात हिसका नाही: पिनेच्या डोक्यापेक्षा मोठं सॉकेट तिच्यावर उलटं ठेवायचं, त्यावर जाड वॉशर, आणि त्यातून त्याच आट्यांचा लांब बोल्ट पिनेत आवळत जायचा. सॉकेट ब्रॅकेटला टेकतं आणि पिन हळूहळू सॉकेटच्या पोकळीत वर येते.

शेवटचा उपाय उष्णता. ब्रॅकेट गाडीवरून काढलेलं, पॅड, क्लिपा आणि सगळं रबर उतरवलेलं, आणि लोखंड पूर्ण कोरडं असेल तरच. गंजाचा स्प्रे आणि ब्रेक क्लीनर पेट घेतात. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतं, आणि त्याचा अंश ज्वाळेत गेला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. म्हणून गरम करायचं असेल तर त्या दिवशी तो भाग क्लीनरने धुऊच नका, साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, आणि काम उघड्यावर करा. हीट गनने बाहेरचं ब्रॅकेट तापवा. ब्रॅकेट पसरलं की भोक किंचित मोठं होतं आणि पिन फिरते. लोखंड लाल होईपर्यंत तापवायचं नाही.

पिनेचं डोकं गोल झालं, आटे गेले किंवा पिन आतच तुटली, तर तिथेच थांबा. ड्रिलने पोखरून काढायच्या भानगडीत भोक मोठं होतं आणि मग कुठलीच पिन त्यात नीट बसत नाही. नवं ब्रॅकेट आणा. हरल्यासारखं वाटून घेऊ नका, ब्रेकच्या बाबतीत तोच शहाणपणाचा खर्च आहे.

सफाई

निघालेली पिन पुसून उजेडात धरा. नुसता वाळलेल्या ग्रीसचा तपकिरी थर असेल तर तो बारीक स्टील वूल किंवा हिरव्या स्क्रबरने निघतो. पिनेच्या अंगावर गंजाने पडलेले खड्डे दिसले, नखाला लागले, तर पिन बदला. पॉलिश पेपरने घासून खड्डे काढायला गेलात तर पिन बारीक होते आणि खडखडते.

बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबराची छोटी नळी असते. ती फुगली, मऊ चिकट झाली असेल तर पिन जाम होण्याचं कारण तेच आहे, आणि ते चुकीच्या ग्रीसमुळे झालं आहे. नळी बदला. ती काढून टाकून तशीच पिन बसवू नका. ती कॅलिपरची थरथर शोषण्यासाठी दिलेली असते.

मग भोक. ते एका बाजूने बंद असतं, त्यामुळे सगळा गाळ तळाशी साचतो. बाटली धुण्याचा बारीक ब्रश किंवा काडीला गुंडाळलेलं फडकं ब्रेक क्लीनरमध्ये भिजवून आत फिरवा. फडकं स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करायचं. तळ साफ न करता नवं ग्रीस भरलं तर पिन पूर्ण आत जाणार नाही. गरम करण्याचा उपाय केला असेल तर क्लीनर वापरण्याआधी लोखंड पूर्ण गार होऊ द्या. बुटाची कड ज्या खाचेत बसते ती खाचही घासा. तिथल्या गंजामुळे नवा बूटही पाणी आत घेतो.

ब्रॅकेट हातात आहे तोवर पॅडच्या कानांच्या, म्हणजे दोन्ही टोकांच्या, जागाही बघा. स्टीलच्या क्लिपा काढल्यावर खाली गंजाचे पापुद्रे दिसतात. ते क्लिपेला वर उचलतात आणि पॅड तिथेच अडकतो. तारेचा ब्रश आणि कानसीने पापुद्रे काढा, मूळ लोखंड खाऊ नका. पिना मोकळ्या करूनही पॅड जाम राहण्याचं हे कारण पुष्कळ जण बघत नाहीत.

ग्रीस कोणतं

गॅरेजमध्ये डब्यातलं पिवळं-तपकिरी ग्रीस सगळीकडे फासलं जातं. बेअरिंगला, सस्पेन्शनला ते ठीक आहे. पिनेला नको. ते खनिज तेलापासून बनतं, आणि ब्रेकच्या भागांत जे ईपीडीएम रबर वापरतात ते खनिज तेलाने फुगतं. बूट सैल होतो, टोकाची नळी फुगून भोकात आवळते, आणि ज्या पिनेला मोकळं करायला ग्रीस लावलं तीच आणखी घट्ट बसते. इंजिन ऑइल, व्हॅसलिन, गंज सोडवणारा स्प्रे, हे सगळं याच कारणासाठी बाद. स्प्रेने पिन सोडवली असेल तर बसवण्याआधी त्याचा अंश क्लीनरने पूर्ण धुऊन काढा.

तांब्याचं ग्रीस चांगलं असा समज आहे. पॅडच्या पाठीला, लोखंड लोखंडाला भिडतं तिथे त्याचा उपयोग होतो. रबर असलेल्या पिनेला ते लावू नये.

दुकानात 'ब्रेक कॅलिपर पिनसाठी, रबराला चालणारं' असं सांगून सिलिकॉनचं किंवा सिंथेटिक ब्रेक ग्रीस मागा आणि पुडीवर तसं लिहिलं आहे ना ते स्वतः वाचा. दुकानदार 'सगळं सारखंच' म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. बूट किटबरोबर ग्रीसची छोटी पुडी आली असेल तर तीच वापरा.

प्रमाण बेताचं. पिनेच्या अंगावर सगळीकडे पातळ थर, आणि बुटाच्या आतल्या कडेला थोडं. भोक ग्रीसने भरून टाकलं तर पिन आत ढकलल्यावर ग्रीसला जायला जागा राहत नाही आणि ते पिनेला परत बाहेर लोटतं. कॅलिपर मग सतत आतल्या बाजूला ढकललेला राहतो.

पुन्हा जोडणं

नवा बूट आधी ब्रॅकेटच्या खाचेत बसवा, मग पिन त्यातून आत सरकवा आणि बुटाची दुसरी कड पिनेच्या खाचेत बसू द्या. हवा आत कोंडली तर पिन स्प्रिंगसारखी परत येते. पिन आत दाबून धरा, बुटाची कड बोटाने किंचित उचला, हवा जाऊ द्या आणि कड सोडा. आता पिन हळूच दाबून सोडली तर ती सोडली तिथे राहायला हवी. वरची पिन वर, खालची खाली. फोटो इथे उपयोगी पडतो. रबरी नळीची पिन चुकीच्या भोकात गेली तर थोड्या दिवसांत झीज पुन्हा तिरकी दिसू लागते.

ब्रॅकेट उतरवलं असेल तर ते बसवून बोल्ट आवळा. छोट्या गाड्यांत ब्रॅकेटचे बोल्ट साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर आणि पिनेचे २५ ते ३५ न्यूटन-मीटर या आसपास आवळतात. हे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. आवळताना तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा धरा. पिनेचा बोल्ट छोटा असतो, ब्रॅकेटच्या बोल्टाइतका जोर लावला तर तुटतो. काही कंपन्या हे बोल्ट पुन्हा वापरू नका किंवा आट्यांना लॉकिंग द्रव लावा असं सांगतात. तसं असेल तर ऐका.

डिस्क बघून घ्या. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल किंवा खोल चरे असतील तर बदला. पॅडवर झिजणारा थर ३ मिमीपेक्षा कमी उरला असेल, किंवा पॅड एकतर्फी झिजलेले असतील, तर नवे घाला, आणि दोन्ही पुढच्या चाकांना एकदमच. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर ब्रेक दोन्हीकडे सारखा लागत नाही.

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश पूर्ण मागे दाबा, नवे पॅड क्लिपांत बसवा, वरून कॅलिपर चढवा. मागच्या चाकालाही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालत असेल, तर तिथला पिस्टन दाबून आत जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लागतो. अशा मागच्या चाकाचं काम पहिल्याच खेपेला घेऊ नका.

डिस्कवर हाताचं ग्रीस लागलं असेल तर क्लीनरने पुसा. चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवा, गाडी खाली घ्या आणि मग पूर्ण आवळा.

रस्त्यावर निघण्याआधी

गाडी सुरू करायच्या आधी ब्रेक पेडल दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिले काही दाब थेट तळाला जातील. पेडल कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. मग टाकीतलं ऑइल बघा, कमी असेल तर झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातून घाला.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर २०-३० च्या वेगात ब्रेक तपासा. गाडी सरळ थांबते का, पेडल खाली खाली जात नाही ना, खडखड नाही ना. सगळं ठीक वाटलं तर पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून थांबा आणि हाताची मागची बाजू दोन्ही पुढच्या चाकांजवळ न्या. रिमला किंवा डिस्कला हात लावू नका. दोन्हीकडची धग सारखी वाटली पाहिजे. एक बाजू अजूनही स्पष्ट जास्त तापत असेल तर पिनेशिवाय दुसरा दोष आहे, पिस्टन किंवा पाइप, आणि आता गॅरेजमध्ये जायची वेळ आहे.

नवे पॅड असतील तर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारावा लागेल अशी गाडी चालवू नका. आंबा किंवा फोंडा घाट उतरायचा बेत त्या आठवड्यापुरता पुढे ढकला.

पुढची काळजी

वर्षातून एकदा, किंवा दहा हजार किलोमीटरला, चाक काढून कॅलिपर हाताने सरकतो का बघा आणि बूट तपासा. कोकणात ही तपासणी पावसाळा सरल्यावर करावी. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच, त्याच आठवड्यात हे उरकता येतं. गाडी धुताना प्रेशर पंपाचा फवारा थेट कॅलिपरच्या बुटांवर मारू नका, पाणी कडेतून आत शिरतं. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर वर्षाची वाट न पाहता पिना उघडून बघा.

उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी शेजाऱ्याला किंवा गावातल्या कुणाला नुसतं इंजिन सुरू करायला सांगू नका. पंधरा दिवसांतून एकदा चार-पाच किलोमीटर फिरवून, मध्ये चांगले चार-सहा ब्रेक मारून आणायला सांगा. आणि गॅरेजमध्ये पॅड बदलून घेताना मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा की पिना काढून साफ करायच्या आहेत, बूट बदलायचे आहेत आणि जुने पॅड तुम्हाला बघायला हवे आहेत.